शिकागोतला तो खांब आणि अमेरिकेतले फॅसिस्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा शिकागोला नोकरीला. मिशिगन सरोवराच्या काठाने फिरताना त्याला एक जुना दगडी खांब दिसला. चौथऱ्यावरची अक्षरं झिजलेली, पण ‘फॅसिस्ट इटली’, ‘मुसोलिनीच्या आज्ञेने’ एवढं लागलं. अमेरिकेने तर फॅसिझमशी युद्ध केलं, मग हा खांब अजून तिथे कसा? आणि अमेरिकेत हिटलर-मुसोलिनीला मानणारे लोक खरंच होते का? असले तर युद्धानंतर ते गेले कुठे?

अमेरिकेचा आधुनिक इतिहास शिकवण्यात माझी तीसेक वर्षं गेली, त्यामुळे उत्तर लांबणार. खांबापासूनच सुरुवात करतो.

तो खांब रोमजवळच्या ऑस्तिया या प्राचीन बंदरातला, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. जुलै १९३३ मध्ये मुसोलिनीचा हवाईमंत्री इतालो बाल्बो चोवीस समुद्री विमानांचा ताफा घेऊन अटलांटिक ओलांडून आला आणि शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासमोर सरोवरात उतरला. लोटलेल्या गर्दीने त्याला डोक्यावर घेतलं. शहराने सातव्या रस्त्याला त्याचं नाव दिलं, ते आजही आहे. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्याला जेवायला बोलावलं. पुढच्या वर्षी मुसोलिनीने आभारादाखल हा खांब पाठवला. त्यावर साल घातलंय तेही फॅसिस्ट कालगणनेचं, ‘अकरावं वर्ष’.

यात त्या वेळच्या अमेरिकन माणसाला खटकण्यासारखं काही नव्हतं. विसाच्या दशकात मुसोलिनी तिकडे लोकप्रिय होता. संप मोडणारा, कम्युनिस्टांना वठणीवर आणणारा, आळशी म्हणून हिणवल्या गेलेल्या देशाला कामाला लावणारा कर्ता पुरुष, अशी त्याची प्रतिमा होती. मॉर्गन बँकेने त्याच्या सरकारसाठी दहा कोटी डॉलरचं कर्ज उभारलं. हर्स्टची वृत्तपत्रं त्याच्या नावाने लेख छापत आणि त्याला घसघशीत मानधन देत. विरोधकांना एरंडेल पाजणं, मारहाण, समाजवादी खासदार मात्तेओत्तीचा १९२४ मधला खून, हे सगळं छापून येत होतंच. पण वाचणारे म्हणत, तिकडच्या लोकांना असाच माणूस लागतो. ही भक्ती ओसरायला लागली ती १९३५ मध्ये, इटली इथिओपियावर चालून गेल्यावर. त्यातही पहिली हाळी दिली ती हार्लेमसारख्या काळ्या वस्त्यांनी. हल्ल्याआधीच, त्या जूनमध्ये, काळ्या जो लुईने प्रिमो कार्नेरा या धिप्पाड इटालियन मुष्टियोद्ध्याला न्यूयॉर्कमध्ये लोळवलं, तेव्हा हार्लेमला त्यात निव्वळ खेळ दिसला नव्हता.

पण मुसोलिनीचं कौतुक हा वरवरचा भाग. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगायचो की, अमेरिकन फॅसिझम शोधायला निघालात की आधी तपकिरी आणि चंदेरी शर्ट, म्हणजे नाझींचे आणि त्यांच्या अमेरिकन नकलाकारांचे गणवेश, नजरेआड करा. नाझींना ज्या गोष्टी हव्या होत्या त्यांतल्या बऱ्याच अमेरिकेत कायद्याच्या पुस्तकात आधीपासून होत्या आणि त्यांना कोणी फॅसिझम म्हणत नव्हतं.

गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी झटणारी कू क्लक्स क्लान ही संघटना घ्या. विसाच्या दशकात तिच्या सभासदांची संख्या लाखांत मोजावी लागे. ऑगस्ट १९२५ मध्ये पांढऱ्या झग्यांतले हजारो लोक राजधानीच्या मुख्य रस्त्यावरून, चेहरे न झाकता, चालत गेले. त्याआधी १९२४ मध्ये आलेल्या स्थलांतर कायद्याने दक्षिण आणि पूर्व युरोपातल्या लोकांना जवळपास आणि आशियातल्यांना पूर्णच दार बंद केलं. हिटलरने आपल्या आत्मकथनात त्या धोरणाची तारीफ केली आहे. ‘सदोष’ ठरवलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी करायचा कायदा इंडियाना राज्याने १९०७ मध्येच केला होता, आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसल्या कायद्यांवर शिक्कामोर्तब केलं. हॅरी लाफलिन नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाने अशा कायद्याचा नमुना मसुदा लिहून ठेवला होता. जर्मनीचा १९३३ चा नसबंदी कायदा बराचसा त्याच वळणाचा. १९३६ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाने लाफलिनला मानद डॉक्टरेट दिली, ती उगीच नव्हे. जून १९३४ मध्ये बर्लिनमध्ये कायदेपंडितांची बैठक बसली तेव्हा अमेरिकेच्या राज्याराज्यांतले आंतरवंशीय विवाहबंदीचे कायदे त्यांच्यासमोर होते. रक्ताचा एक थेंब काळा असला तरी माणूस काळा, हा अमेरिकन दंडक त्यांच्यातल्या काहींना फारच कडक वाटला!

याची झळ हिंदी माणसांनाही बसली. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात असलेल्या भगतसिंग थिंड यांचं नागरिकत्व १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाकारलं. कारण काय, तर सामान्य माणूस ज्याला ‘गोरा’ समजतो त्यात हिंदू बसत नाही. (तेव्हा तिकडे सगळ्याच हिंदी लोकांना हिंदू म्हणत. थिंड शीख होते.) त्यांच्या वकिलाचं नाव ऐकून तुमचे कान टवकारतील: सखाराम गणेश पंडित. निकालानंतर सरकार आधी नागरिकत्व मिळालेल्या हिंदी लोकांच्या मागे लागलं, त्यात खुद्द पंडितही होते. ते स्वतःच्या बाजूने हिरिरीने लढले, १९२७ पर्यंत खटला चालवून जिंकले आणि नागरिक राहिले. बाकी अनेकांचं गेलं. जर्मनीत ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणारे न्यूरेंबर्ग कायदे आले ते १९३५ मध्ये. दोन्हींची बरोबरी होत नाही, मी ती करतही नाही. पण वंशावरून नागरिकत्व ठरवायचं, हे कोणाला बर्लिनहून आयात करावं लागलं नव्हतं.

ज्यूद्वेषाचं तेच. हेन्री फोर्डने आपल्या साप्ताहिकातून १९२० पासून सलग ९१ आठवडे ज्यूंवर गरळ ओकली आणि मोटारविक्रेत्यांना ते साप्ताहिक खपवायला लावलं. जर्मनीत त्या लेखांचे भाषांतरित संग्रह हातोहात गेले. बदनामीचा खटला अंगाशी आला तेव्हा १९२७ मध्ये माफी मागितली. पण जुलै १९३८ मध्ये, पंचाहत्तराव्या वाढदिवसाला, हिटलरने पाठवलेलं मानचिन्ह छातीवर लावून घेतलं. आयबीएमच्या थॉमस वॉटसनला १९३७ मध्ये असंच एक मिळालं होतं. त्याने १९४० मध्ये ते परत केलं. फोर्डने कधीच नाही.

मंदी आली, बेकारी आली आणि या सगळ्याला आवाज मिळाला. डेट्रॉइटजवळचा कॅथलिक पाद्री चार्ल्स कॉफलिन दर रविवारी रेडिओवर बोलायचा, ऐकणारे कोट्यवधी. सुरुवातीला तो रूझवेल्टचा समर्थक होता आणि बँकवाल्यांना शिव्या घालायचा. हळूहळू ‘बँकवाले’ हा शब्द ‘ज्यू’ या अर्थाने वापरला जाऊ लागला. १९३८ च्या अखेरीस त्याच्या साप्ताहिकातला एक लेख हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या भाषणातून उचललेला निघाला, तोही जवळपास शब्दशः. १९४२ मध्ये सरकारच्या धाकाने आणि धर्मगुरूंच्या हुकुमाने त्याचं तोंड बंद झालं. पण त्याच चर्चमध्ये तो १९६६ पर्यंत सुखाने पाद्री राहिला.

नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्यम डडली पेलीची चंदेरी शर्टवाली सेना होती. तिचा आवाज मोठा, माणसं पंधरा हजारांच्या आसपास. आणि होता जर्मन-अमेरिकन बुंड, हिटलरला मानणाऱ्या जर्मन वंशाच्या अमेरिकनांचा संघ. त्याच्याकडे जरा थांबून पाहू.

२० फेब्रुवारी १९३९, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. वीस हजारांवर माणसं जमलेली. त्या रात्रीचं चित्रीकरण उपलब्ध आहे आणि मी ते दर वर्षी वर्गात आवाज बंद करून दाखवायचो. मुलांना आधी विचारायचो, नुसतं काय दिसतं ते सांगा. कोणीही पहिल्यांदा स्वस्तिक म्हणायचं नाही. म्हणायचे, वॉशिंग्टन. व्यासपीठामागे जॉर्ज वॉशिंग्टनचं तीन मजली उंच चित्र, दोन्ही बाजूंना अमेरिकेचे झेंडे, त्यांच्या जोडीला बुंडचे. सभा वॉशिंग्टनच्या जयंतीनिमित्त भरवलेली. राष्ट्रध्वजाला वंदन झालं, राष्ट्रगीत झालं, आणि मग त्यांचा नेता फ्रिट्झ कून याने रूझवेल्टचा उल्लेख ‘रोझेनफेल्ड’ असा, ज्यू वाटणाऱ्या आडनावाने, केला. हशा पिकला.

कूनचं भाषण चालू असताना ब्रुकलिनचा इसाडोर ग्रीनबाम नावाचा सव्वीस वर्षांचा प्लंबर धावत व्यासपीठावर चढला. गणवेशातल्या स्वयंसेवकांनी त्याला खाली पाडून लाथा घातल्या. पोलिसांनी त्याला उचलून नेलं तेव्हा त्याची विजार खाली ओघळली होती. चित्रीकरणात मागे एक लहान पोरगा दिसतो, गणवेशातला. तो हात चोळत आनंदाने नाचतोय. वर्ग तिथे गप्प व्हायचा. ग्रीनबामला पंचवीस डॉलर दंड झाला. तुझ्या असल्या वागण्याने निष्पाप माणसं मेली असती, असं मॅजिस्ट्रेटने सुनावलं, तर तो उलट म्हणाला की, तिथे जे चाललं होतं त्याने किती ज्यू मरतील याचा विचार केलात का? पुढे युद्धात तो नौदलात गेला.

सभेला परवानगी देणारा महापौर फिओरेल्लो ला गार्डिया. त्याची आई ज्यू होती. भाषणस्वातंत्र्य म्हणजे सगळ्यांचं, असं म्हणत त्याने बंदोबस्ताला सतराशे पोलीस दिले. मग त्याने आणि सरकारी वकील थॉमस ड्यूई याने बुंडचे हिशेब तपासायला घेतले. कूनने संघटनेचाच पैसा खाल्ला होता. न्यायालयात त्याच्या प्रेमप्रकरणांची आणि एका बाईच्या सामान-वाहतुकीच्या बिलाची चर्चा झाली आणि वर्षअखेर तो अफरातफरीच्या गुन्ह्याखाली सिंग सिंगच्या तुरुंगात गेला. एवढ्या मोठ्या फ्यूररला शेवटी वहीखात्याने पकडलं.

बुंडचे सभासद फार तर पंचवीस हजार, बरेचसे नुकतेच आलेले जर्मन. म्हणून अनेकजण ‘चार टाळकी’ म्हणून तो विषय संपवतात. मला ते पटत नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंची दुकानं, प्रार्थनास्थळं जाळली गेली. त्यानंतर गॅलप संस्थेच्या जनमत पाहणीत ९४ टक्के अमेरिकनांनी नाझींच्या वागण्याचा निषेध केला. त्याच सुमारास विचारलं गेलं, जर्मनीतल्या जास्त ज्यूंना इकडे येऊ द्यायचं का? ७२ टक्के म्हणाले, नको. वीस हजार मुलांना घेण्याचं विधेयक १९३९ मध्ये काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकन संसदेत, आलं आणि समित्यांमध्येच विरून गेलं. माझ्या मते हे दोन आकडे बुंडच्या सभासदसंख्येपेक्षा जास्त सांगतात. हिटलर बहुतेकांना आवडत नव्हताच. पण ज्यू आपल्या गल्लीतही नको होते.

इथे एक सावधगिरी मात्र हवी. युद्धात पडायला विरोध करणारा प्रत्येकजण फॅसिस्ट नव्हता. सप्टेंबर १९४० मध्ये निघालेल्या ‘अमेरिका फर्स्ट’ समितीचे आठ लाखांवर सभासद झाले. तिच्या पहिल्या पुरस्कर्त्यांत येल विद्यापीठात कायदा शिकणारा जेराल्ड फोर्ड होता, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. तिच्या व्यासपीठांवरून समाजवादी नेते नॉर्मन थॉमस बोलले. पहिल्या महायुद्धात पोरं गमावून काय मिळालं, हा प्रश्न प्रामाणिक होता. पण ११ सप्टेंबर १९४१ ला डे मॉइनमध्ये चार्ल्स लिंडबर्ग, म्हणजे अटलांटिक एकट्याने ओलांडणारा तो लाडका वैमानिक, म्हणाला की देशाला युद्धाकडे ढकलणारे तिघं: ब्रिटिश, ज्यू आणि रूझवेल्ट सरकार. टाळ्या पडल्या, पण दुसऱ्या दिवसापासून देशभर टीकेची झोड उठली. समितीची अब्रू त्या भाषणाने गेली आणि पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर काही दिवसांत तिने स्वतःच गाशा गुंडाळला.

जर्मन पैसा कसा फिरायचा याची एक खुबी सांगतो. जॉर्ज सिल्व्हेस्टर व्हीरेक हा जर्मनीचा पगारी प्रचारक. तो युद्धविरोधी खासदारांना भाषणं लिहून द्यायचा. भाषण सभागृहात नोंदलं गेलं की ते अधिकृत कागद झालं, आणि खासदारांना टपालखर्च माफ. मग तीच भाषणं गठ्ठ्यांनी घराघरांत जायची आणि तिकिटाचा भुर्दंड अमेरिकन करदात्यावर! खासदार हॅमिल्टन फिशच्या कार्यालयातल्या एका कारकुनाला या प्रकरणात खोट्या साक्षीबद्दल शिक्षा झाली.

युद्ध पेटल्यावर सरकारने एप्रिल १९४४ मध्ये वॉशिंग्टनमध्ये तीस जणांवर एकत्र राजद्रोहाचा खटला भरला. कोर्टाचा अक्षरशः बाजार झाला. प्रत्येकाचा वकील वेगळा, हरकतींवर हरकती. सात महिन्यांनी न्यायाधीश हृदयविकाराने वारले आणि खटला जिथल्या तिथे राहिला. पुढे तो रद्दच झाला.

आरोपींत लॉरेन्स डेनिस नावाचा गृहस्थ होता. हार्वर्डला शिकलेला, माजी मुत्सद्दी, अमेरिकेत फॅसिझम येणार आणि यायला हवा असं १९३६ मध्ये पुस्तक लिहून सांगणारा. या माणसाची आई काळी होती. लहानपणी तो बालप्रवचनकार म्हणून गाजला होता, तोही काळा म्हणूनच. पुढे त्याने आईशी नातं तोडलं आणि उरलेलं आयुष्य गोरा म्हणून काढलं. त्याने फॅसिझमचं तत्त्वज्ञान का उचललं यावर अभ्यासक बरंच लिहितात. मी दर वेळी त्या आईपाशी अडकतो.

युद्धात अमेरिका फॅसिझमशी लढत होती, पण तिचं सैन्य वर्णावरून वाटलेलं होतं. एप्रिल १९४४ मध्ये सैनिकांच्या ‘यांक’ साप्ताहिकात रुपर्ट ट्रिमिंगहॅम या काळ्या कॉर्पोरलचं पत्र छापून आलं. तो आणि त्याचे साथीदार लुइझियानात रेल्वेने चालले होते. वाटेत मुक्काम पडला तेव्हा स्टेशनच्या खानावळीशिवाय कुठेच खायला मिळेना, आणि तिथे सांगितलं गेलं की मागच्या दाराने स्वयंपाकघरात या. तेवढ्यात पहाऱ्यातले दोनेक डझन जर्मन युद्धकैदी आले. ते समोरून आत गेले, टेबलांवर बसले, जेवले, सिगारेटी ओढत हसत-बोलत बसले. हे सैनिक बाहेरून बघत होते. पत्रातला प्रश्न साधा होता: आम्ही लढतोय तरी कशासाठी? त्या पत्राला २८७ उत्तरं आली आणि त्यांतली १८३ गोऱ्या सैनिकांची होती, असं त्यानेच पुढे कळवलं. फेब्रुवारी १९४६ मध्ये मात्र आयझॅक वुडर्ड हा काळा सैनिक अंगावरच्या गणवेशानिशी घरी परतत असताना साउथ कॅरोलिनात पोलिसप्रमुखाने काठीने मारून त्याचे दोन्ही डोळे फोडले. गोऱ्या पंचांनी त्या पोलिसाला निर्दोष सोडलं. या घटनेने राष्ट्राध्यक्ष ट्रुमन हादरला. १९४८ मधल्या सैन्यातला वर्णभेद संपवण्याच्या आदेशामागे तीही आहे.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, ते गेले कुठे? बहुतेक कुठेच गेले नाहीत, त्यांनी शब्द बदलले. छळछावण्यांची चित्रं पडद्यावर आल्यावर स्वस्तिक विकता येईना. अटलांटात १९४६ मध्ये ‘कोलंबियन्स’ नावाच्या टोळीने खाकी शर्ट, विजेचं चिन्ह, रात्रीची गस्त असा सगळा थाट केला, पण वर्षभरात ते तुरुंगात गेले. ज्यांनी गणवेश टाळला ते टिकले. जेराल्ड एल. के. स्मिथ तीसच्या दशकापासून ज्यूद्वेष पसरवत होता. युद्धानंतर तो ‘ख्रिस्ती राष्ट्रवाद’ आणि कम्युनिस्टविरोध बोलू लागला आणि १९६६ मध्ये आर्कान्सात त्याने येशूचा प्रचंड पुतळा उभारला. पर्यटक आजही तो बघायला जातात. पुतळा कोणी बांधला हे त्यांतल्या कितींना माहीत असतं?

सरकारनेही सोयीने पाहिलं. सोळाशेवर जर्मन शास्त्रज्ञ-तंत्रज्ञ अमेरिकेत आणले गेले. त्यांतला रॉकेटतज्ज्ञ वेर्नर फॉन ब्राउन हिटलरच्या एसएस या निमलष्करी दलात अधिकारी होता. त्याची रॉकेटं जिथे बनत त्या मिटेलबाउ-डोरा छावणीत हजारो कैदी मेले. त्याचा सहकारी आर्थर रुडॉल्फ चंद्रावर माणूस नेणाऱ्या रॉकेटचा प्रकल्पप्रमुख झाला, आणि चौकशी लागल्यावर १९८४ मध्ये नागरिकत्व सोडून जर्मनीला परतला. याला मी सहानुभूती म्हणणार नाही. हा व्यवहार होता, आणि तो करताना फाइलींतला मजकूर सौम्य करून घेतला गेला.

उघडपणे नाझी म्हणवणाराही एक होताच. जॉर्ज लिंकन रॉकवेल, दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकेचाच नौदल वैमानिक, त्याने १९५९ मध्ये अमेरिकन नाझी पक्ष काढला. माणसं शे-दोनशे. पण ऑगस्ट १९६६ मध्ये शिकागोत मार्टिन ल्यूथर किंग काळ्यांना गोऱ्या वस्तीत घरं मिळावीत म्हणून मोर्चा घेऊन मार्केट (Marquette) पार्क भागात गेले, तेव्हा जमावाने दगड मारून त्यांना गुडघ्यावर आणलं. असा द्वेष आपण मिसिसिपी आणि अलाबामातही पाहिला नव्हता, असं किंग म्हणाले. दगड मारणारे नाझी नव्हते, ते तिथले घरमालक होते. रॉकवेल लगोलग तिथे पोहोचला, गर्दी जमवली आणि त्याला कळलं की ‘गोऱ्यांची सत्ता’ ही घोषणा स्वस्तिकापेक्षा कितीतरी जास्त चालते. १९६७ च्या सुरुवातीला त्याने पक्षाच्या नावातून ‘नाझी’ शब्द काढला. त्याच ऑगस्टमध्ये त्याच्याच एका माजी अनुयायाने त्याला गोळी घातली.

त्याच मार्केट पार्कमध्ये सत्तरच्या दशकात फ्रँक कॉलिनची नाझी टोळी होती. शहराने तिथे सभा घ्यायला अडथळे आणले तेव्हा कॉलिनने उत्तरेकडच्या स्कोकी या उपनगरात मोर्चा काढायची धमकी दिली. स्कोकीत छळछावण्यांतून वाचलेले हजारो ज्यू राहत होते. नागरी स्वातंत्र्याच्या संघटनेने कॉलिनचा खटला लढवला. त्याच्या बाजूने उभे राहिलेले वकील डेव्हिड गोल्डबर्गर स्वतः ज्यू होते. हजारो सभासदांनी संघटना सोडली. न्यायालयाने मोर्चाला परवानगी दिली, पण कॉलिन स्कोकीला गेलाच नाही. जुलै १९७८ मध्ये त्याने आपली सभा मार्केट पार्कमध्येच घेतली, त्याला हवी होती तीच जागा. आणि कॉलिनचे वडील डाखाउच्या छळछावणीतून वाचलेले ज्यू होते.

तर मुलाला सांगा, खांब बघून झाला असेल तर एका रविवारी पिवळ्या लाइनची गाडी पकडून स्कोकीलाही जाऊन ये. तिथले वाचलेले लोक तीस वर्षं शेजाऱ्यांनाच काय, पोटच्या मुलांनाही फारसं काही सांगत नव्हते. कॉलिनच्या धमकीनंतर ते बोलायला लागले. १९८१ मध्ये त्यांनी एक संस्था काढली, मेन स्ट्रीटवर एका दुकानाच्या गाळ्यात छोटं संग्रहालय थाटलं आणि शाळांत जाऊन छावणीत हातावर गोंदलेले आकडे दाखवू लागले. २००९ मध्ये त्याची मोठी इमारत झाली.